कोकणात ग्रॅव्हल सायकल चालवायचीय? किलोमीटर नंतर, आधी खाड्या मोजा

हल्ली पुण्या-मुंबईकडचे बरेच जण विचारतात की ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यावर चालणारी, जाड टायरची) घेतलीय, कोकणात दोन दिवस कुठं फिरू, आणि सोबत नकाशावर आखलेला रूट पाठवतात, दिवसाला शंभर किलोमीटर, किनाऱ्याकिनाऱ्याने, सरळ रेघ. तो रूट बघूनच कळतं की संध्याकाळी हा माणूस कुठल्यातरी घाटीत, म्हणजे खड्या चढावर, सायकल ढकलत असणार. त्यात त्याची चूक नाही, कोकणाचा नकाशा दिसतो सपाट. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. मी रत्नागिरीकडचा, त्यामुळे या बाजूचं जास्त येईल, पण बहुतेक गोष्टी रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत लागू पडतात.

एकच गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. इथं अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, वाटेत खाड्या किती आणि घाट्या किती ते मोजायचं. वर जांभ्याचा सडा, म्हणजे लाल दगडाचं मोकळं पठार, खाली खाडी, परत वर सडा. एक खाडी ओलांडायची म्हणजे कुठं साठ-सत्तर मीटर तर कुठं दीडशे मीटर उतरायचं आणि पलीकडे तेवढंच चढायचं, आणि चढ असा की मुंबईच्या फ्लायओव्हरवर सराव करून काही होत नाही. नवीन माणसाने दिवसाला तीन खाड्या आणि चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर धरावेत, त्यात कच्चा रस्ता निम्मा असला तरी दिवस भरतो.

१. आधी मोसम ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस. भात कापून झालेलं असतं, शेतातल्या वाटा मोकळ्या होतात, सड्यावरचं गवत पिवळं पडतं आणि पहाटे छान गारवा असतो. डिसेंबरपर्यंत व्हाळांना, म्हणजे ओढ्यांना, थोडं पाणीही असतं.

मार्चला शिमगा. पालख्या गावोगाव फिरत असतात, रस्ते माणसांनी भरलेले असतात, बघायला जरूर या पण तेव्हा किलोमीटरचं गणित विसरा. एप्रिल-मे नवीन माणसाने टाळाच. सड्यावर सावली म्हणून नसते, काळपट कातळ दुपारी असा तापतो की थांबून पाय टेकवला तरी बुटातून कळतं, आणि फेब्रुवारीनंतर सड्यावर पाणी मिळत नाही. शिवाय तो आंब्याचा मोसम, बागांमध्ये राखणीचे कुत्रे मोकळे असतात आणि ते आपलं काम चोख करतात.

पावसाळ्यात फोटो सुंदर येतात हे खरंय. पण जांभ्यावर शेवाळ धरतं आणि त्यावर कुठलाच टायर टिकत नाही. पावसात यायचंच असेल तर डांबरी रस्त्याने फिरा.

२. सायकल कशी हवी

ग्रॅव्हल सायकलच पाहिजे असं मुळीच नाही. पुढचं सस्पेन्शन असलेली साधी एमटीबी किंवा जाड टायर बसणारी हायब्रिड चालते. गोष्टी चारच बघा.

टायर. ४० मिमीच्या खाली जाऊ नका, ४२ ते ४५ उत्तम. जांभा दिसतो मऊ, पण फुटलेल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या दगडाच्या, कडा धारदार असतात आणि त्या टायरच्या बाजूच्या भिंतीला कापतात. त्यामुळे बाजूला जाड थर असलेला टायर घ्या, हलक्या रेसिंग टायरचे पैसे इथं वाया जातात. ट्यूबलेस करून आत ताजं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, भरा. आपल्याकडच्या उकाड्यात सीलंट लवकर सुकतं, दुकानदार म्हणेल सहा महिने चालेल, तुम्ही दोन-तीन महिन्यांनी हलवून बघा, आतून आवाज नाही आला तर सुकलंय समजा.

हवा. सत्तर किलोचा माणूस, ४२ मिमी ट्यूबलेस टायर, तर ३२ ते ३६ पीएसआयपासून सुरुवात करा, मागच्या चाकात दोन-तीन जास्त. ट्यूब असेल तर पाच-सात आणखी, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात. सामान जास्त असेल तर त्याप्रमाणे वाढवा.

गिअर. पुढची सगळ्यात छोटी चक्री आणि मागची सगळ्यात मोठी, दोघींचे दात मोजा. मागचे दात पुढच्याइतके किंवा जास्त पाहिजेत, म्हणजे पुढे ३० तर मागे ३४. पुढे ४० आणि मागे ३४ अशी सायकल देशावर पळते, इथल्या घाटीत गुडघे धरते. दुकानातून मागची कॅसेट बदलून मिळते, खर्च फार नाही, गुडघ्याच्या डॉक्टरपेक्षा कमी.

ब्रेक डिस्क हवेत. उतार लांब नसतात पण खडे असतात आणि तळाशी बहुतेक वेळा एक वळण आणि एक साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, असतो.

३. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं थोडीच लागतात. आधार किंवा दुसरं ओळखपत्र (होमस्टेला झेरॉक्स मागतात), रेल्वेचं तिकीट, सायकलच्या बिलाचा फोटो आणि फ्रेम नंबर लिहून ठेवलेला, घरच्या माणसाचा नंबर आणि रक्तगट एका कागदावर, तो कागद प्लॅस्टिकमध्ये. फोनच्या लॉकस्क्रीनवर भरवसा ठेवू नका. रोख पैसे सुट्ट्यांसकट. यूपीआय सगळीकडे पोचलंय, रेंज मात्र सगळीकडे पोचलेली नाही.

हत्यारं म्हणाल तर पंप, मल्टीटूल, ट्यूबलेसचे प्लग, ट्यूबलेस असली तरी एक ट्यूब, चेनची क्विक लिंक, झिपटाय, आणि जुन्या टायरचा बोटभर लांब तुकडा. हा तुकडा टायर बाजूने फाटला की आतून लावायचा, मग ट्यूब टाकून हळूहळू गाव गाठता येतं. अजून एक, मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा. प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि तो चिपळूण-रत्नागिरीच्या दुकानातही मिळेलच असं नाही, त्यामुळे आपल्या सायकलचा आधीच मागवून बॅगेत टाका. गावातला सायकलवाला पंक्चर झकास काढून देईल, पण हँगर मोडला तर तो काय करणार.

पाणी तीन लिटर वाहून नेता येईल अशी सोय, ओआरएसची पाकिटं, पुढचा-मागचा लाइट, पूर्ण बोटांचे हातमोजे. जांभ्यावर पडलं की तळहात सोलतात, म्हणून पूर्ण बोटांचे.

४. सायकल कोकणात आणायची कशी

कोकण रेल्वे सगळ्यात सोयीची. दोन प्रकार आहेत. एक, दोन्ही चाकं काढून सायकल बॅगेत भरायची आणि डब्यात सोबत न्यायची. गर्दीच्या गाडीत हे अवघड जातं, पण सायकल डोळ्यासमोर राहते. दोन, लगेज म्हणून बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये टाकायची. त्यासाठी गाडीच्या किमान दीड तास आधी स्टेशनच्या पार्सल ऑफिसला जा, तिकीट आणि ओळखपत्र दाखवा, फॉर्म भरा, पावती घ्या. पुठ्ठ्यावर मार्करने आपलं नाव, फोन, कुठून-कुठे आणि पावतीचा नंबर लिहून फ्रेमला दोन ठिकाणी बांधा. पेडल, लाइट, कॉम्प्युटर, बाटल्या काढून स्वतःजवळ ठेवा, डिरेलरला फोम गुंडाळा.

यातली फसगत उतरताना होते. छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते आणि ब्रेकव्हॅन असते गाडीच्या एका टोकाला. तुम्ही मधल्या डब्यातून उतरून पळत तिथं पोचेपर्यंत गाडी हलते आणि सायकल पुढच्या स्टेशनला फिरायला जाते. म्हणून उतरायला रोहा, माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशी मोठी स्टेशनं धरा, चढतानाच गार्डला सांगून ठेवा आणि दोन स्टेशनं आधीपासून त्या टोकाच्या डब्याकडे सरका. आणि स्टेशनच्या नावावर जाऊ नका, राजापूर रोड स्टेशन राजापूर गावापासून चांगलंच लांब आहे.

एसटीने न्यायची तर टपाला कॅरिअर आहे का ते बघा, नवीन गाड्यांना बहुधा नसतो. असला तर कंडक्टर-ड्रायव्हरशी आधी गोड बोलून, सामानाचं तिकीट काढून, सायकल स्वतः वर चढवून बांधा. दुसऱ्याला बांधायला देऊ नका.

५. भरती-ओहोटी शिका, ही सगळ्यात महत्त्वाची पायरी

बाहेरून येणारा माणूस हवामान बघतो पण भरती बघत नाही. खाडीकाठच्या वाटा, खारं पाणी अडवणारे खारभूमीचे बांध, पुळणीवरून (किनाऱ्याच्या वाळूवरून) जायचं असेल तर पुळण, छोट्या होड्या, सगळं पाण्याच्या वेळेवर चालतं. मोठ्या फेरीबोटीसुद्धा फार ओहोटी असेल तर कधी कधी खोळंबतात.

इथली जुनी माणसं तिथीवरून भरती काढतात आणि हे गणित सगळ्यांना जमेल असं आहे. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते. अगदी मिनिटाला बरोबर येत नाही, पण रूट आखायला पुरतं, आणि फोनला रेंज नसताना घरच्या कॅलेंडरवर चालतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती खूप वर आणि ओहोटी खूप खाली. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्यात फार फरक पडत नाही. उधाणाच्या दिवसांत सखल बांधावर पाणी येऊ शकतं, त्यामुळे त्या दिवशी सड्यावरचा रूट घ्या.

फेरीबोट हा तर या प्रवासाचा अर्धा आनंद आहे. वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, दिघी–आगरदांडा या बोटी सायकल घेतात, तिकीट किरकोळ असतं. दाभोळला बोट नसती तर वाशिष्ठीच्या खाडीला वळसा घालून पार चिपळूणकडून यावं लागलं असतं. निघायच्या आदल्या दिवशी शेवटच्या बोटीची वेळ फोनवर विचारून घ्या, आणि शेवटच्या बोटीवर नाही तर तिच्या आधीच्या बोटीवर बेत आखा.

६. नकाशा आखताना

फोनवरचा नकाशा जी बारीक पांढरी रेघ दाखवतो ती तीनपैकी एक असते. एकतर खरंच कच्चा रस्ता. नाहीतर पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यांची वाट, दोन्हीकडे गडगे, म्हणजे दगड रचलेल्या भिंती, मध्ये सायकल खांद्यावर. नाहीतर चिरेखाणीत जाणारा रस्ता. म्हणून रूट आखताना सॅटेलाइट चालू करून प्रत्येक कच्चा तुकडा मोठा करून बघा. सड्यावर लालसर चौकोनी खड्डे दिसले की ती खाण. खाणीच्या भिंती उभ्या कापलेल्या असतात, काही दोन-तीन पुरुष खोल, बंद पडलेल्या खाणीत पाणी साचलेलं असतं आणि काठाला कठडा नसतो. गवत वाढलं की काठ दिसतच नाही. चालू खाणीवर चिऱ्यांचे ट्रक जोरात येतात आणि धुरळ्यात त्यांना तुम्ही दिसत नाही. अंधारात सड्यावरच्या अनोळखी कच्च्या रस्त्याने जाऊच नका.

नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. आणि वाटेत विचारायचं कसं हेही सांगतो. “इथून सायकल जाईल का?” असं विचारलंत तर सगळे म्हणतील जाईल की, कारण त्यांच्या डोळ्यासमोर शाळेची सायकल असते आणि ती ढकलत नेलेली असते. त्याऐवजी विचारा, “काकी, इथनं रिक्षा जाते का? मध्ये घाटी आहे का? व्हाळावर साकव आहे की पाण्यातनं जायचं?” मग बरोबर उत्तर मिळतं, आणि बहुतेक वेळा पाण्याचा तांब्याही. अंतर विचारलंत तर “हे काय, पुढंच” असं ऐकायला येईल, ते पाच किलोमीटर धरा.

७. पहिला रूट कालव्याचा घ्या

कोकणात खरोखर सपाट कच्चा रस्ता एकच, कालव्याच्या कडेचा. कारण कालव्याला उताराची कडा धरून हळूहळू उतरत जावं लागतं, तो घाट्या चढू शकत नाही, मग त्याच्या बाजूचा रस्ताही चढत नाही. नवीन माणसाला हात बसवायला याहून चांगली जागा नाही.

रायगडात कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे कुंडलिकेवर. पाणी येतं कुठून ते मला फार भारी वाटतं. घाटावर मुळशीच्या धरणात अडवलेलं पाणी खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं, तिथं वीज देऊन कुंडलिकेत सुटतं, त्याच पाण्यावर कोलाडला सकाळी राफ्टिंग चालतं, आणि पुढे डोलवहाळला ते अडवून कालव्यांनी रोहा आणि माणगाव तालुक्यातल्या शेतांना जातं. म्हणून बाकी कोकण उन्हाळ्यात कोरडं असताना इथं हिरवं भात दिसतं. सायकलवरून जाताना एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला खाली शेतं, आणि बगळे.

माणगावकडच्या कालव्याच्या कडेने जितकं जमेल तितकं जा, मग महामार्गावरच्या इंदापूरला येऊन तळा गावाचा रस्ता धरा. तळ्याच्या पुढे मांदाडच्या वाटेवर कुड्याची लेणी आहेत. सातवाहन काळातली बौद्ध लेणी, २६, डोंगराच्या कुशीत, समोर राजपुरीची खाडी. लेण्यांत ब्राह्मी शिलालेख आहेत, दान देणाऱ्यांची नावं त्यात कोरलीत, त्यात मांदव घराण्यातले महाभोज पदवीचे सरदार आहेत तसे साधे व्यापारी, माळी, वैद्यसुद्धा. ओसरीत बसून खाडीकडे बघितलं की कळतं लेणी इथंच का खोदली, हा बंदराचा रस्ता होता. दोन तास हाताशी ठेवून जा, अंधार व्हायच्या आत उतरा.

कालव्याच्या सूचना मात्र गांभीर्याने घ्या. हा रस्ता जलसंपदा विभागाचा, देखभालीसाठी केलेला. कुठं गेट लावलेलं असेल, काम चालू असेल किंवा कोणी अडवलं तर वाद न घालता परत फिरा. अस्तरीकरण केलेल्या कालव्यात उतरायचं नाही, हातपाय धुवायला सुद्धा नाही. सिमेंटचा उतार शेवाळलेला असतो, आवर्तन चालू असेल, म्हणजे शेतीला पाणी सोडलेलं असेल, तर पाण्याला दिसतो त्यापेक्षा जास्त वेग असतो आणि घसरलेल्या माणसाला धरायला काही नसतं. बायका कपडे धूत असतील, गुरं जात असतील तिथं खाली उतरून चालत जा. कालवा ओढ्यावरून पुलाने जातो तिथं रस्ता बहुधा तुटतो, अरुंद कठड्यावरून सायकल चालवायचा मोह नको, खालून वळसा घ्या. सिंधुदुर्गातल्या मंडळींना दोडामार्गकडे तिलारीचे कालवे आहेत, नियम तेच.

खारभूमीचे बांधही असेच सपाट. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले मातीचे बांध, मध्ये मध्ये पाणी सोडायच्या उघाड्या. पाऊलवाटेएवढी जागा असते, ओली माती असेल तर चाकाने बांध खचतो, आणि बांध फुटला की शेत काही वर्षं नापीक होतं. त्यामुळे कोरड्या दिवसांतच, आणि शेतकऱ्याला विचारून.

८. दुसरा रूट सड्याचा

रत्नागिरीहून दक्षिणेला, कशेळीपर्यंत साधारण ३५ किलोमीटर. आता खाड्या मोजू. शहरातून बाहेर पडल्या पडल्या भाट्याचा पूल, काजळी नदीची खाडी. चढून फणसोप-गोळपचा सडा. मग पावसला उतार, गौतमी नदी, ही छोटी. परत वर. मग पूर्णगड, मुचकुंदीची मोठी खाडी, पुलाच्या अलीकडे छोटासा नेटका किल्ला, पलीकडे गावखडी आणि सुरूचं बन. मग पुन्हा चढून कशेळी. म्हणजे दोन मोठ्या, एक छोटी. डांबरी रस्ता मधोमध आहेच, कच्चे तुकडे सड्यावर दोन्ही बाजूंना सुटतात, थकलात तर कुठूनही डांबरावर परत येता येतं. म्हणून हा दुसरा.

सड्यावर चालवायची पद्धत वेगळी. कडक कातळावर जांभ्याचे बारीक गोल खडे पसरलेले असतात, गोट्यांवरून चालवल्यासारखं. वळणात सायकल झुकवू नका, वळणाच्या आधी वेग कमी करा आणि वळणात ब्रेकला हात लावू नका. चढावर बसून चालवा, उभं राहिलात की मागचं चाक जागेवर फिरतं. उतारावर वजन मागे, नजर लांब.

आणि आता ज्यासाठी हा रूट सांगतोय ते. कशेळीत कनकादित्याचं सूर्यमंदिर आहे, जुनं, शिलाहार राजा दुसरा भोज याचा ताम्रपट या देवस्थानाकडे आहे. तिथून सड्यावर गेलं की कातळशिल्प, म्हणजे कातळावर कोरलेलं चित्र, अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर उंच हत्ती, त्याच्या अंगात आणि आजूबाजूला मासे, प्राणी, पक्षी अशा कितीतरी आकृत्या. कोणी कोरलं, नक्की कधी, यावर अभ्यास चालू आहे. पुढे आडिवऱ्याची महाकाली, देवीहसोळला आर्यादुर्गा मंदिराजवळचं चौकोनी शिल्प. कशेळी, देवीहसोळ, बारसू, उक्षी, जांभरूण, रुंढेतळी, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ ही सगळी २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

बघायची वेळ सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी पाचच्या पुढे. भर दुपारी तुम्ही शिल्पाच्या कडेला उभे असाल आणि काहीच दिसणार नाही, सगळा कातळ एकसारखा. ऊन तिरपं झालं की त्या बोटभर खोल चरांमध्ये सावली भरते आणि आधी एक पाय दिसतो, मग पोटाची रेघ, आणि मग एकदम अख्खा हत्ती. लहान मुलासारखं ओरडावंसं वाटतं.

कळकळीची विनंती आहे, सायकल शिल्पापासून लांब, रस्त्याला लावा. जांभा झिजतो. कुंपण असेल तर आत जाऊ नका, नसेल तर सायकल घालू नका, बूट घालून रेघांवर उभं राहू नका, फोटोसाठी खडूने रंगवू नका. कुंपण नसलेली अजून खूप शिल्पं आहेत, सड्यावर कुठंही रस्ता सोडून सायकल घातलीत तर तुमच्या चाकाखाली काय आहे ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही. चाकोरी आहे तिथूनच चालवा. गावातल्या माणसाला सोबत घ्या, दाखवायला आनंदाने येतात, त्यांच्या वेळेचे पैसे आवर्जून द्या.

हे दोन रूट सहज झाले की मग दापोलीकडे पन्हाळेकाजी. कोटजाई आणि धाकटी नदीच्या संगमावर २९ लेणी, सुरुवातीला बौद्ध, पुढे नाथपंथाच्या खुणा. उतार भयंकर आहे आणि तोच परत चढायचा आहे, म्हणून तिसऱ्या नंबरवर.

९. साप, कुत्रे, ऊन

सड्यावर फुरसं असतं. वीतभर-हातभर लांब, मातकट रंगाचं, दगडाखाली, गडग्याच्या फटीत. विषारी आहे. त्यामुळे बसायच्या आधी दगड बघा, गडग्यात हात घालू नका, सायकल गवतात आडवी टाकलीत तर उचलताना बघून उचला, आणि लघवीला गवतात शिरू नका. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. माणसाला स्थिर ठेवायचं, १०८ ला फोन आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात थेट. त्यासाठी निघायच्या आधी रूटवरचं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे ते कागदावर लिहून ठेवा.

कुत्रा मागे लागला तर खाली उतरा, सायकल मध्ये ठेवा आणि चालत जा. पळालात की तो पळतो.

उन्हाचं म्हणाल तर सकाळी सहाला निघा, अकराला थांबा, साडेतीनला परत सुरू. मधले साडेचार तास देवळाच्या सभामंडपात झोप काढा, कोकणातल्या देवळांइतकी थंड जागा नाही. पाणी दिसेल तिथं भरा. देवळाच्या विहिरीचं पाणी काढायच्या आधी विचारा.

१०. जेवण आणि मुक्काम

दोन्ही आदल्या दिवशी फोनवर ठरवा. इथली घरगुती खाणावळ तुम्ही आलात म्हणून भात लावत नाही, किती माणसं ते कळल्यावर लावते. न सांगता दुपारी दोनला पोचलात तर काही मिळणार नाही, आणि दुकानं पण एक ते चार बंद. मुक्कामाला होमस्टे किंवा देवस्थानचं भक्तनिवास. फोनवर तीन गोष्टी विचारा: सायकल आत ठेवता येईल का, सकाळी सहाच्या आत घावणे किंवा आंबोळी मिळेल का, आणि सायकल धुवायला नळ आहे का.

देवराईत सायकल घालायची नाही, चालतसुद्धा चपला काढून. कुणाच्या वाडीचं बेडं, म्हणजे फाटक, उघडलंत तर परत लावा, नाहीतर गुरं बागेत शिरतात आणि पुढच्या सायकलवाल्याला ते बेडं उघडून मिळत नाही.

११. संध्याकाळी सायकलचं काम

रोज, कितीही दमला असाल तरी. लाल धूळ बारीक असते, तेलात मिसळली की चेन घासून खाते, आणि खाऱ्या हवेत बोल्ट एका रात्रीत तांबूस दिसायला लागतात. पुळणीवरून चालवली असेल तर आधी गोड्या पाण्याने हळू धार सोडून धुवा, प्रेशरचा पाइप बेअरिंगवर मारू नका. मग जुन्या टूथब्रशने चेन घासा, फडक्याने कोरडी पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, पाच मिनिटांनी वरचं पुसून टाका.

मग चाक हळू फिरवत टायरच्या बाजूने बोट फिरवा, कुठं काप लागतोय का बघा. दोरे दिसत असतील तर आतून टायरचा तुकडा आत्ताच लावा, सकाळी नको. ब्रेक पॅड किती उरलेत, हँगर सरळ आहे का, थ्रू-अॅक्सल (चाकाचा आस) घट्ट आहे का. पॉवर बँक चार्जिंगला लावा, कारण रात्री वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. घरी परतल्यावर पेडल, सीटपोस्ट आणि बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू एकदा काढून ग्रीस लावून परत बसवा, मीठ तिथं साचतं आणि पुढच्या मोसमात ते निघत नाहीत.